‘मॅडम, हे सगळं आपण कशासाठी करतोय?’

पत्र: समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण घेऊन आठ महिन्यांपूर्वी मी एका मानसिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. माझ्याकडे ४१ वर्षांच्या एक बाई येतात. सासूबाईंना अर्धांगवायू झाला, तेव्हापासून दोन वर्षं त्यांचं सगळं या एकट्या करतात. नोकरी सोडली. नवरा महिन्यातले वीस दिवस कामासाठी बाहेरगावी असतो. दीर-जाऊ जवळच राहतात, पण ‘त्यांना कशाला त्रास’ म्हणून त्यांना काही सांगत नाहीत. सासूबाईंची कूस बदलायला रात्री तीन-चारदा उठावं लागतं. सतत रडू येतं, ‘मी कुणाच्याच उपयोगाची नाही’ असं म्हणतात. पीएचक्यू-९ वर (नैराश्याची तीव्रता मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली) पहिल्या दिवशी १६ गुण होते, सहाव्या सेशनला १५. पहिली दोन सेशन्स माहिती घेण्यात गेली. तिसऱ्यात सीबीटीचा, म्हणजे बोधात्मक-वर्तन उपचाराचा, विचार-तक्ता (त्रासदायक विचार लिहून त्याचे पुरावे तपासण्याचा कागद) केला. त्यांनी ‘सगळं माझ्या एकटीवरच पडलंय’ हा विचार निवडला, मी त्याविरुद्धचे पुरावे शोधायला लावले. पुढच्या आठवड्यात तक्ता कोरा आला. चौथ्यात चमत्काराचा प्रश्न विचारला. त्या गप्प झाल्या, मग रडल्या आणि ‘काही नाही’ म्हणाल्या. पाचव्यात जिनोग्राम (घरातल्या पिढ्या आणि नाती दाखवणारा नकाशा) काढला. सहाव्यात त्यांनीच विचारलं, ‘मॅडम, हे सगळं आपण कशासाठी करतोय?’ केस प्रेझेंटेशनमध्ये मी ‘एक्लेक्टिक अप्रोच’ (वेगवेगळ्या पद्धतींतलं निवडून घेणं) लिहिलं होतं, ते सुपरव्हायझरनी खोडलं. एकच सिद्धांत धरायचा की मिसळायचे? कशावरून निवडायचं? आणि लिहायचं काय?
– गोंधळलेली समाजकार्यकर्ती

उत्तर:

तुमच्या पत्रातला सगळ्यात नेमका प्रश्न तुमच्या क्लायंटने विचारला आहे. तो तक्रार म्हणून घेऊ नका. एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये थेरपीतल्या नात्याचे तीन भाग सांगितले: कशासाठी भेटतोय यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि दोघांमधला विश्वास. या बाई सहा वेळा आल्या आणि सहाव्या वेळी तोंडावर प्रश्न विचारू शकल्या, म्हणजे तिसरा भाग शाबूत आहे. पहिले दोन जुळलेच नाहीत. तंत्रं चुकली की बरोबर होती, हा त्याच्या नंतरचा विषय.

सिद्धांतांकडे वळण्याआधी एक तातडीची गोष्ट. पीएचक्यू-९ ची बेरीज तुम्ही कळवलीत, पण नवव्या प्रश्नाचं उत्तर पत्रात नाही. तो प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. बेरीज कितीही असो, त्या ओळीवर शून्याखेरीज काहीही आलं तर त्याच सेशनमध्ये थांबून विचारायचं: असे विचार कधी येतात, कसं करायचं हे मनात आलंय का, साधन हाताशी आहे का, आधी कधी प्रयत्न झालाय का. थेट विचारल्यामुळे असे विचार डोक्यात शिरतात ही भीती निराधार आहे. अर्धांगवायूच्या रुग्णाच्या घरात गोळ्यांचा साठा असतो, हेही ध्यानात ठेवा. उत्तर ‘हो’ असेल तर सुरक्षा-आराखडा लेखी करायचा: धोक्याची लक्षणं, एकटीने करता येतील अशा गोष्टी, मन दुसरीकडे वळवणारी माणसं आणि जागा, मदत मागता येईल अशी माणसं, तज्ज्ञ आणि तातडीचे क्रमांक, आणि घरातली साधनं दूर कशी ठेवायची. सुपरव्हायझरला त्याच दिवशी कळवायचं. त्याच सौम्य सुरात, ‘इतकं थकल्यावर कधी सासूबाईंवर हात उगारला जातो का, तसं वाटतं का?’ हेही विचारा. हा प्रश्न अपमान करणारा नाही. अनेक सेवेकरी तो कुणीतरी विचारावा म्हणून थांबलेले असतात.

१५ ते १९ गुण म्हणजे मध्यम-तीव्र नैराश्याचा पट्टा. मनोविकारतज्ज्ञांनी तपासलं नसेल तर त्यांची भेट आणि थायरॉईड, हिमोग्लोबिन यांच्या साध्या तपासण्या आधी करून घ्या. आणि १६ वरून १५ म्हणजे सुधारणा नव्हे. साधारण पाच गुण उतरले की काही हललं असं धरतात.

आता तुमचा मूळ प्रश्न. सिद्धांत आणि तंत्र यांत गल्लत झाली की असं होतं. थेरपीचा सिद्धांत म्हणजे मुळात एका प्रश्नाचं उत्तर असतं: हा त्रास आज टिकून कशामुळे आहे? विचार-तक्ता, चमत्काराचा प्रश्न, जिनोग्राम ही त्या-त्या उत्तरातून निघालेली अवजारं. तुम्ही तीन आठवड्यांत तीन वेगवेगळ्या उत्तरांची अवजारं वापरलीत, पण तुमचं स्वतःचं उत्तर कुठलं ते ठरलंच नव्हतं. म्हणून सुपरव्हायझरनी ‘एक्लेक्टिक’ खोडलं असावं, आणि योग्य केलं. तो शब्द ‘काय काय वापरलं’ एवढंच सांगतो, ‘का वापरलं’ हे सांगत नाही.

हीच बाई वेगवेगळ्या सिद्धांतांच्या नजरेतून पाहून बघा. ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात मांडलेल्या बोधात्मक पद्धतीला दिसेल: स्वतःबद्दलचे, जगाबद्दलचे आणि पुढच्या काळाबद्दलचे विपरीत अर्थ तिला खाली ओढतायत. वर्तनवादी म्हणेल: दिवसात आनंद देणारं किंवा काही साधल्यासारखं वाटणारं एकही काम उरलेलं नाही, मग मन उभारी धरणार कशावर? मनोगतिकीला (नेणिवेतले जुने संघर्ष शोधणाऱ्या विचाराला) शंका येईल की सेवा करत राहणं हीच तिची किंमत ठरवणारी जुनी गोष्ट आहे, आणि दाबलेला राग स्वतःवरच उलटलाय. कुटुंब-व्यवस्थेची नजर बाईकडे कमी आणि मांडणीकडे जास्त पाहील: नवरा बाहेर, दीर-जाऊ काठावर, आणि हिच्या गप्प राहण्यामुळे सगळ्यांचं बरं चाललेलं. परिस्थितिकीय दृष्टी ताण आणि साधनं यांचा ताळा मांडेल. नॅरेटिव्ह थेरपी विचारेल: ‘चांगली सून’ ही गोष्ट कुणी लिहिली, आणि त्या गोष्टीत न बसणारे प्रसंग कुठे गेले?

यातलं कुठलंही उत्तर खोटं नाही. पण सध्या दोर कुठे अडकलाय, हे सगळी उत्तरं सारख्या जोराने सांगत नाहीत. निवड त्यावरून करायची. तुम्हाला काय शिकवलं गेलं, गेल्या महिन्यात कुठली कार्यशाळा झाली, यावरून निवड केली तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते.

क्लिनिकल सोशल वर्कची, म्हणजे समाजकार्यातल्या उपचाराच्या शाखेची, इथे स्वतःची एक बाजू आहे, आणि ती सोडू नये असं आम्हाला मनापासून वाटतं. १९१७ मध्ये मेरी रिचमंड यांनी केसवर्कमधल्या (एकेका व्यक्तीसोबत किंवा कुटुंबासोबत करायच्या समाजकार्यातल्या) निदानाची शिस्तशीर मांडणी केली तेव्हापासून या व्यवसायाने माणूस आणि त्याची परिस्थिती एकत्र पाहिली. फ्लॉरेन्स हॉलिस यांनी १९६४ मध्ये मनोसामाजिक पद्धतीला ‘परिस्थितीतला माणूस’ हाच पाया दिला. आधार देणं, थेट सुचवणं, मोकळं बोलू देणं, आजच्या परिस्थितीवर विचार करायला लावणं, स्वभावातल्या ठरावीक वळणांवर विचार, आणि त्यांची बालपणातली मुळं, असे मदतीचे सहा प्रकार त्यांनी वेगळे काढले. यातून कामाचं शहाणपण मिळतं ते असं: बहुतेक काम पहिल्या चारांत होतं. शेवटच्या दोनांकडे क्लायंटची ताकद आणि गरज पाहूनच जायचं. रात्री चारदा उठणाऱ्या बाईला बालपणाकडे नेण्याची घाई नको.

विचार-तक्ता कोरा का आला, ते जवळून पाहू. ‘सगळं माझ्या एकटीवरच पडलंय.’ हा विचार खरा आहे. तुमच्याच पत्रातले तपशील त्याचे पुरावे आहेत. खऱ्या विचाराविरुद्ध पुरावे शोधायला लावले की क्लायंटला एकच ऐकू येतं: ‘तुम्हाला वाटतं तितकं काही वाईट नाही.’ सीबीटी शिकताना सगळ्यात जास्त होणारी चूक हीच, की जो विचार सगळ्यात जास्त दुखतो तोच तपासायला घेतला जातो. तपासायचा असतो तो विचार, ज्यामुळे परिस्थिती जागची हलत नाही. खऱ्या विचाराला तक्ता लावायचा नाही, त्याला समस्या-निवारण लावायचं. ‘एकटीवर पडलंय’ खरं असेल, तर ओझं वाटायचं कसं हा पुढचा प्रश्न. मग वाटायला गेल्यावर अडवणारा विचार कुठला? तो तुमच्या पत्रातच दबा धरून बसलाय: ‘त्यांना कशाला त्रास.’ त्याच्या पोटात बहुधा असं काही असेल: ‘मदत मागितली तर मी कमी पडले असं होईल.’ सीबीटीचं काम इथे आहे. तुमचं अवजार ठीक होतं, ते भलत्या जागी लागलं.

चमत्काराच्या प्रश्नाबद्दल जरा जास्त लिहावंसं वाटतं, कारण त्या रडण्यात बरंच काही आहे. स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग यांच्या उपाय-केंद्रित पद्धतीतला हा प्रश्न. रात्री झोपेत चमत्कार होऊन अडचण सुटली तर सकाळी पहिल्यांदा काय वेगळं दिसेल, असा. आता कल्पना करा, असाध्य आजाराच्या माणसाची रात्रंदिवस सेवा करणाऱ्याला हे विचारलं तर मनात पहिलं चित्र कुठलं येईल? बरेचदा हेच, की सकाळी तो पलंग रिकामा आहे. त्याच क्षणी अपराधाचा डोंगर कोसळतो. गप्प होणं, रडणं आणि ‘काही नाही’ हा क्रम त्याच्याशी जुळतो. तसंच झालं असेल असं गृहीत धरू नका, पण दार उघडं ठेवा: ‘त्या दिवशी मी प्रश्न विचारला आणि तुम्हाला भरून आलं. खूप दिवस सेवा करणाऱ्यांच्या मनात कधी कधी असाही विचार येतो की हे संपावं. तो विचार आला म्हणून माणूस वाईट ठरत नाही. तसं काही होतं का?’ मग थांबा. ती शांतता भरायला जाऊ नका.

दुसरं असं की हा प्रश्न सावकाश विचारायचा असतो आणि नंतरचा निम्मा तास त्याच्या बारीक तपशिलांना द्यायचा असतो: आणखी काय दिसेल, नवऱ्याच्या ते कसं लक्षात येईल, तो काय करेल. पाच मिनिटांत उरकला तर तो नुसता कल्पनाविलास होतो. या बाईंसाठी त्याच पद्धतीतला मोजपट्टीचा प्रश्न जास्त सोयीचा आहे. ‘शून्य ते दहात आज तुम्ही कुठे?’ ‘दोनवर.’ ‘शून्यावर का नाही? दोनपर्यंत कशाने आणलं?’ आणि मग, ‘तीनवर असाल तेव्हा आठवड्यात काय वेगळं असेल?’ दहावर उडी मारायला लावायचं नाही, एकच पायरी विचारायची.

जिनोग्राम थोडक्यात. तीन पिढ्यांची चौकोन-वर्तुळं काढून नावं आणि वयं भरली की वंशावळ होते, जिनोग्राम होत नाही. आधी प्रश्न ठरवायचा. इथे तो असा: या घरात आजारी माणसांचं आजवर कुणी केलं? ज्यांनी केलं त्या चिन्हांवर खूण करा. सगळ्या खुणा सुनांच्या वर्तुळांवर पडल्या, तर बोलायला कागदच पुरेसा आहे. मात्र तुमच्या बाईंना सध्या जिनोग्रामपेक्षा इकोमॅपची गरज जास्त आहे. ॲन हार्टमन यांनी १९७०च्या दशकात केसवर्कसाठी आणलेलं हे साधन. मधल्या वर्तुळात घर, बाहेरच्या वर्तुळांत दीर-जाऊ, माहेर, जुन्या सहकारी, डॉक्टर, शेजार. घट्ट नात्याला जाड रेघ, विरळ नात्याला तुटक, ताणाच्या नात्याला नागमोडी. शिवाय बाण: शक्ती कुठून कुठे जातेय? पेन्सिल क्लायंटच्या हातात द्यायची. पंधरा-वीस मिनिटं पुरतात. बाहेर जाणारे बाण सहा आणि आत येणारा एकच, असं स्वतःच्या हाताने काढलेलं चित्र पाहिलं, की ‘मी कुणाच्याच उपयोगाची नाही’ या वाक्याशी वाद घालत बसावं लागत नाही.

आता निवड. पत्रातल्या माहितीवरून आमचं मत असं: ओझं खरं आहे, झोप खरोखरच मोडलेली आहे, आणि मदत जवळ असूनही मागितली जात नाही. म्हणून मुख्य चौकट कार्यकेंद्रित पद्धतीची घ्या, म्हणजे ठरावीक सेशन्समध्ये छोटी, ठोस कामं करत अडचण सोडवण्याची. विल्यम रीड आणि लॉरा एपस्टाईन यांनी १९७२ मध्ये ती समाजकार्यातच विकसित केली. मदत मागण्याआड येणाऱ्या विचारापुरतं सीबीटी तिच्यात बसवा. म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: चौकट एक असावी. दुसऱ्या पद्धतीतलं तंत्र आणायला हरकत नाही, पण चौकटीत ते कुठे बसतं ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर आणू नका.

ही पद्धत वरून सोपी दिसते आणि तिथेच फसगत होते. सहा ते बारा सेशन्सचा करार आधीच करायचा. तुम्ही इथून पुढे आठ धरा. अडचणी क्लायंटच्या शब्दांत लिहायच्या, तीनपेक्षा जास्त नकोत. ‘नैराश्य’ ही इथे अडचण म्हणून चालत नाही. ‘आठवड्यात एकही रात्र सलग झोप मिळत नाही’ ही चालते, कारण ती मोजता येते. मग प्रत्येक सेशनमध्ये एक किंवा दोन कामं ठरवायची. काम ठरवताना कोण, काय, कधी आणि कुठे हे सगळं यायला हवं.

‘घरच्यांची मदत घ्यायची’ हे काम नाही, ती इच्छा झाली. काम असं होईल: ‘बुधवारी रात्री साडेआठला, सासूबाईंचं जेवण झाल्यावर, भाऊजींना फोन करून शनिवारची एक रात्र मागायची.’ यापुढचा भाग बहुतेक जण गाळतात: अडथळे आणि सराव. ‘फोन हातात घेतल्यावर काय वाटेल?’ ‘नको वाटेल. ते म्हणतील, एवढे दिवस जमत होतं की.’ म्हणजे अडथळा सेशनमध्येच सापडला. आता तुम्ही भाऊजी व्हा आणि तेच वाक्य म्हणा. त्यांना उत्तर देऊ द्या, अडखळू द्या, पुन्हा म्हणायला लावा. शेवटी त्यांच्या तोंडात बसणारं वाक्य कागदावर घ्या: ‘भाऊजी, रात्री उठून उठून मला आता होत नाही. शनिवारी रात्री तुम्ही आईंजवळ झोपाल का?’ तुमच्या पुस्तकी मराठीतलं वाक्य लिहून देऊ नका, ते फोनवर ओठांवर येणार नाही.

सीबीटी बसते ती इथेच. फोन करण्याआधी अंदाज लिहून घ्या: ‘ते चिडतील. खात्री ८० टक्के.’ फोननंतर प्रत्यक्षात काय झालं, ते शेजारी लिहायचं. याला वर्तन-प्रयोग म्हणतात. रिकाम्या तक्त्याची धास्ती घेतलेल्या क्लायंटला दोन ओळींचा हा कागद झेपतो. अंदाज चुकला तर विचार आपोआप सैल होतो. अंदाज खरा ठरला, भाऊजी खरंच चिडले, तर प्रयोग फसला असं समजू नका. अडचण एकट्या तिच्या विचारांत नाही, घराच्या मांडणीत आहे, हे आता पुराव्यानिशी कळलं. मग नवरा घरी असेल त्या आठवड्यात कौटुंबिक बैठक घ्या, अर्थात बाईंची संमती घेऊन. असं झालं तर कुटुंब-व्यवस्थेकडे वळण्याला कारण मिळालं, आणि ते फाईलमध्ये लिहिता येतं.

तुमच्या बाजूचीही कामं ठरवायची असतात, हे विसरू नका. तात्पुरत्या काळजीसेवेची चौकशी, कूस बदलण्याची वारंवारता कमी करणारी गादी मिळेल का हे फिजिओथेरपिस्टना विचारणं, अशी. पुढच्या सेशनला ती तुम्ही केलीत की नाही याचाही हिशोब द्यायचा. या पद्धतीचा विश्वास तिथून येतो.

प्रत्येक सेशनची सुरुवात कामाच्या आढाव्याने. एक ते चार मोजपट्टी पुरते: झालंच नाही, थोडं झालं, बरंचसं झालं, पूर्ण झालं. ‘या आठवड्यात कशा आहात?’ने सुरुवात केली की पस्तीस मिनिटं आठवडा ऐकण्यात जातात आणि काम शेवटच्या पाच मिनिटांत घाईने विचारलं जातं. दोन आठवडे असं झालं की क्लायंट कामं करणं सोडून देते, आणि आपण त्याला ‘विरोध’ म्हणून मोकळे होतो.

दिशा बदलायची कधी? या नव्या आठांतल्या चौथ्या आणि आठव्या सेशनला थांबून आकडे पाहा. काम झालंच नसेल, तर सिद्धांत बदलू नका. काम मोठं होतं का, ते तिचं होतं की तुमचं, सराव झाला होता का, हे तपासा. कामं होतायत, झोप सुधारलीय, मदत येतेय, तरी पीएचक्यू-९ जागेवरच आहे, तर मात्र तुमचं मूळ उत्तर चुकलंय. मग औषधोपचाराचा फेरविचार आणि नवा अंदाज. आणखी एक शक्यता डोळ्यांसमोर ठेवा. मदत आली आणि बाईंनीच परत पाठवली, ‘त्यांना जमत नाही, मीच करते’ असं दोन-तीनदा झालं, तर ते वळण महत्त्वाचं आहे. त्या वेळी हॉलिस यांच्या पाचव्या प्रकारच्या (स्वभावातल्या ठरावीक वळणांवरच्या) प्रश्नांना जागा मिळते: ‘कुणी मदत केली की आत काय होतं? हे आधी कधी झालंय?’ पहिल्याच महिन्यात हा प्रश्न आरोपासारखा वाटला असता. आता तो दोघींनी मिळून पाहिलेल्या गोष्टीबद्दलचा असेल.

केस प्रेझेंटेशनमध्ये सिद्धांताचं नाव सगळ्यात शेवटी लिहा. आधी पाच वाक्यं: तक्रार काय, पूर्वीपासूनची जमीन कशी, आत्ता कशाने सुरू झालं, कशाने टिकून आहे, आणि जमेच्या बाजू कुठल्या. सगळ्यात जास्त वेळ चौथ्या वाक्याला द्या. नमुना असा:

‘सलग झोप नाही, रडू येतं, स्वतःला निरुपयोगी समजतात. आपलं ओझं दुसऱ्यावर टाकू नये अशी जुनी समजूत असावी (अजून तपासायची आहे). दोन वर्षांपूर्वी सासूबाईंचा अर्धांगवायू आणि पाठोपाठ नोकरी सोडणं यानंतर सुरुवात. रात्रीची जागरणं, बाहेरच्या माणसांशी तुटलेला संपर्क आणि मदत न मागणं यामुळे त्रास टिकून आहे. न मागितल्यामुळे कुणी येत नाही, आणि कुणी येत नाही म्हणून एकटेपणाची खात्री पटते. नियमित येतात, स्पष्ट प्रश्न विचारतात, दीर-जाऊ जवळ आहेत. म्हणून कार्यकेंद्रित पद्धत, ८ सेशन्स. मदत मागण्याच्या टप्प्यावर बोधात्मक वर्तन-प्रयोग. दोन्ही आढाव्यांना पीएचक्यू-९.’

यातला ‘म्हणून’ हा शब्द सुपरव्हायझर शोधत असतात. नमुन्यातल्या ‘तपासायची आहे’ या शब्दांनाही लाजू नका. अंदाज आणि माहिती वेगळी लिहिली, की तीन महिन्यांनी फाईल उघडणाऱ्याला तुम्ही काय पाहिलं आणि काय धरून चाललात ते कळतं.

सातव्या सेशनची तयारी आत्ताच करा. पहिली दहा मिनिटं त्यांच्या प्रश्नाला द्या, आणि सरळ बोला: ‘मागच्या वेळी तुम्ही विचारलंत, कशासाठी करतोय. बरोबर विचारलंत. मी तीन आठवडे तीन वेगळ्या गोष्टी केल्या आणि त्या का करतोय ते सांगितलं नाही. ती चूक माझी. मला आता असं दिसतंय की तुमच्यावर खरोखर एकटीने पेलू नये इतकं ओझं आहे, आणि ते वाटून घ्यायच्या वाटेत काहीतरी आडवं येतंय. तुम्हाला कसं दिसतं?’ त्यांनी तुमचा अंदाज दुरुस्त केला तर तिथल्या तिथे कागदावर दुरुस्त करा. पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न याच भागात, समोरासमोर. तिथे काही निघालं तर पुढचं सगळं बाजूला ठेवून तेवढंच करायचं. नाही निघालं तर पंधरा मिनिटं इकोमॅप, दहा मिनिटं त्यांच्या शब्दांत एक अडचण, दहा मिनिटं एक काम आणि त्याचा सराव. उरलेल्या पाच मिनिटांत विचारा, ‘आजच्यातलं काय उपयोगाचं वाटलं, काय नाही?’ आणि त्या जे म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत फाईलमध्ये उतरवून घ्या.